जावईबापूंची तुळस

२ जून

आर्गिरो सकाळच्या बोटीने गेली. पिरेअसला उतरून पुढे अथेन्सला. आमच्या लेकीचं, दानाईचं पहिलं बाळंतपण, आई हवीच. परत येणार ती थेट सप्टेंबरात, क्रूसाच्या सणाआधी. तोवर घर, अंगण आणि बाग माझ्या ताब्यात. शेवटी!

बोटीच्या जिन्यावर उभी राहून सूचना देत होती. तुळशीला रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एकेक मग पाणी. मंजिरी दिसली की खुडायची. लिंबाला दर शनिवारी एक बादली, विसरायचं नाही. टाक्यातलं पाणी पाऊस येईपर्यंत पुरवायचं आहे. आणि कशातही सुधारणा करायची नाही. त्यानंतर भोंगा वाजला, पुढचं ऐकू आलं नाही. फारसं महत्त्वाचं नसावं.

पाणी म्हणजे काय हे मला सांगायचं? जन्मभर बोटीवर सेकंड इंजिनिअर होतो. खाऱ्याचं गोडं करून खलाशांना पाजलंय.

जाताना एकच गोष्ट दोनदा म्हणाली. बाकी सगळं वाळलं तरी चालेल, पण तुळस आणि लिंबू सांभाळ. बरोबर आहे. क्रूसाच्या दिवशी चर्चमध्ये क्रूसाभोवती जी तुळस ठेवतात, ती सासूबाईंच्या वेळेपासून याच अंगणातून जाते. तिची पानं नेऊन अख्खं गाव वर्षभराच्या पावाचं नवं आंबवण लावतं. आणि लिंबाचं झाड सासूबाईंनी आर्गिरो जन्मली तेव्हा लावलेलं.

या बेटावर घर मुलीला मिळतं. म्हणजे मी घरजावई. एवढी वर्षं झाली तरी गाव मला पिरेअसवाला म्हणतं. यंदा बोलती बंद करतो एकेकाची.

३ जून

पाहणी केली. तुळशीचे डबे सहा, पांढरे रंगवलेले. सासूबाईंचा तो पोचा पडलेला निळा डबा कुठे दिसला नाही. गंजला असेल, टाकला असेल. रोपं जरा किरकोळ वाटतात. काळजी नाही. माणूस बदलला की रोपंही बदलतील.

मारुसोमावशी भिंतीपलीकडून बघत होत्या. या आर्गिरोच्या सख्ख्या मावशी, एकट्याच असतात, दिवसभर भिंतीवर कोपर टेकून माझ्यावर लक्ष ठेवणं हाच उद्योग. म्हणाल्या, जावईबापू, तुळशीला नुसतं पाणी घालायचं असतं हो, भाषण नाही करायचं. मी भाषण करत नव्हतो. नियोजन मोठ्याने करत होतो.

११ जून

वेळापत्रक बदललं. संध्याकाळी पाणी घालणं ही शुद्ध अंधश्रद्धा. इंजिन कधी गार करतात? तापल्यावर. थंड इंजिनावर पाणी ओतणारा माणूस मी बोटीवरून उतरवला असता. तेव्हा यापुढे पाणी भर दुपारी, आणि नुसतं मुळाशी नाही, पानांवरसुद्धा.

मावशींना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हीही दुपारी उन्हात उभे राहा, मी घालते पाणी, बघू कोण आधी वाळतं. अशा लोकांशी शास्त्रावर बोलण्यात अर्थ नाही.

१९ जून

तुळशीच्या पानांवर तपकिरी ठिपके. नवी जात दिसते.

२७ जून

आज सुधारणा क्रमांक एक. (ती म्हणाली होती सुधारणा नको. पण ही सुधारणा नाही, दुरुस्ती आहे.) जुन्या वॉशिंग मशीनचा पंप काढला, टाक्यात सोडला, नळीला भोकं पाडून ती सगळ्या बागेत फिरवली. बटण दाबलं की प्रत्येक रोपाला थेंब थेंब. मावशींना मुद्दाम बोलावलं.

पंप अपेक्षेपेक्षा ताकदवान निघाला. टोमॅटोची एक ओळ मुळासकट उठून अंजिराखाली जाऊन पडली. मावशी नखशिखान्त भिजल्या. पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, इस्टरनंतर आज पहिली अंघोळ घडली, देव तुमचं भलं करो. आणि मग एवढ्या हसल्या की समोरच्या गल्लीतले लोक बाहेर आले.

पाण्याचा दाब जास्त होता, एवढंच. तत्त्व बरोबर आहे.

८ जुलै

आजोबा झालो!! मुलगी. दोघी सुखरूप. फोन ठेवला आणि लिंबाखाली जाऊन रडलो. कुणी पाहिलं नाही. मावशींनी पाहिलं. भिंतीवरून बदाम घातलेल्या वड्यांची बशी पुढे केली आणि चक्क आत निघून गेल्या. विचित्र बाई आहे.

फोनवर आर्गिरोने विचारलं, तुळस कशी आहे? मी म्हटलं, गुडघ्यापर्यंत. (बसलो की माझा गुडघा डब्याच्या काठाला लागतो. खोटं नाही.) लिंबू? मी म्हटलं, उत्तम. माझी चौकशी केली नाही.

टोमॅटोचा पहिला तोडा आला. एक. आकाराने लहान, पण चव स्वतःच्या कष्टाची. मीठ लावून उभ्यानेच खाल्ला.

२१ जुलै

मेल्तेमी सुटलाय. उत्तरेचा वारा, दिवसरात्र थांबायचं नाव नाही. गावातले लोक डबे उचलून भिंतीच्या आडोशाला नेतात. पळपुटेपणा! मी वाऱ्याशी आयुष्य काढलंय. दोन बांबू रोवले आणि आर्गिरोची लग्नातली विणलेली चादर शिडासारखी ताणून बांधली.

दुपारी: चादर नाही. एक बांबूही नाही.

संध्याकाळी: गावचे पाद्री पापा-इग्नातिस स्वतः चादर घेऊन आले. चर्चच्या घंटेला अडकली होती. म्हणाले, मार्केले, मला वाटलं देवदूत उतरला, मी टोपी काढली. वर विचारलं, क्रूसाची तुळस होईल ना यंदा? मी म्हटलं, फादर, यंदा क्रूस दिसणार नाही इतकी तुळस देतो. शब्द दिला. ते डब्यांकडे बघायला वळत होते, मी त्यांना कॉफीकडे वळवलं.

मावशीही भलत्याच. त्यांनीही गच्चीच्या कोपऱ्यात चादर बांधलीय, पण आतल्या बाजूला, चार दगड ठेवून, आणि ती उडत नाही. आत अंजीर वाळवत असतील. मी विचारलं तर म्हणाल्या, तुमचं काय जातंय?

१ ऑगस्ट, सकाळी

आजचा दिवस सोन्याचा. ऑगस्टचे पहिले बारा दिवस म्हणजे पुढचे बारा महिने, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पहिला दिवस सप्टेंबरचा, दुसरा ऑक्टोबरचा. त्या दिवशी आभाळ जसं, तसा तो महिना. मी आधी हसायचो. पण एवढी शतकं लोक उगीच आभाळाकडे बघतील?

पहाटेपासून गच्चीवर. साडेसातच्या सुमारास दक्षिणेला, टेकडीमागून, एक ढग वर आला. काळाभोर! मग पसरला आणि विरला. दिवसाच्या सुरुवातीला आला म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला पाऊस. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकं भरणार.

मावशींना ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, ती बोट आली, धुराडं ओकतंय तिचं. मला! सेकंड इंजिनिअरला धूर शिकवतात! माझ्या बोटीच्या धुराड्यातून असला धूर कधी निघाला नाही, तेव्हा तो धूर असूच शकत नाही.

३ ऑगस्ट

पाणी जपून वापरण्याचं आता कारणच उरलं नाही. सप्टेंबरात नवं येतंय, जुनं ठेवून काय लोणचं घालायचं? नळी मोकळी सोडली. बोगनवेल, काकड्या (नव्या लावल्या), गल्लीतली जास्वंद, अंगणाची फरशी, सगळ्यांना पाणी. बाग कशी हसतेय!

लिंबूही हसेल. त्याला फारसं दिलं नाही, मोठं झाड आहे, मुळं खोल असतात, स्वतःचं स्वतः बघतं. शनिवारची बादली म्हणजे निव्वळ लाड.

१६ ऑगस्ट

काल मरियामातेचा सण. गावभर पाहुणे. आमच्या अंगणात मी दिवसातून तीनदा फरशी धुतली. लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, पाणी कुठून आणता? मी नुसता हसलो. दूरदृष्टी एका वाक्यात सांगता येत नाही.

लिंबाची पानं गळतायत. पिवळी. मावशी म्हणाल्या, जावईबापू, त्या झाडाला तहान लागलीय. मी म्हटलं, नाही, ते पानं बदलतंय. त्या म्हणाल्या, लिंबू पानं बदलत नाही हो, ते काय साप आहे? आणि पहिल्यांदाच हसल्या नाहीत.

२९ ऑगस्ट

पाऊस यायच्या आत टाकं धुऊन चुना लावायचा, ही इथली रीत. कधी लावायचा हे मात्र लोक अंदाजाने ठरवतात. मी आभाळ वाचून ठरवलं. तळाशी फूटभर पाणी होतं, ते पंपाने उपसून काकड्यांना दिलं. मग आत उतरलो, भिंती घासल्या, चुना लावला. पांढरंशुभ्र! आत उभा राहून गाणं म्हटलं. आवाज काय घुमतो!

मावशी वरून म्हणाल्या, पाणी नाही ना आत, म्हणून घुमतो.

त्यांच्या टाक्यात अजून कमरेएवढं आहे म्हणे. असणारच. भाजी धुतलेल्या पाण्याने हात धुतात, हात धुतलेल्याने फरशी पुसतात आणि ते अंजिराला घालतात. याला जगणं म्हणायचं?

३ सप्टेंबर

निरभ्र. चुना वाळायला वेळ मिळतोय, हे बरंच झालं.

५ सप्टेंबर

निरभ्र. आठवडा संपायला अवकाश आहे.

काकड्या आडव्या झाल्या. त्या तशाही कडू होत्या.

७ सप्टेंबर

टँकरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, आधी हॉटेलं, मग बाकी सगळे, तुमचा नंबर क्रूसाच्या सणानंतर. मी त्याला सांगितलं की तोवर पाऊस येणार आहे आणि तू टँकर घेऊन रडत बसशील. त्याने यादीतून माझं नाव खोडलं. स्वाभिमान राखला.

घरात आता दुकानातलं बाटलीचं पाणी, ते महाग. तुळशीला पर्यायी व्यवस्था. भांडी धुतलेलं पाणी (साबण खत असतो). मॅकरोनी उकडलेलं पाणी (पौष्टिक). दुसरं जरा खारट असतं हे उशिरा लक्षात आलं.

संध्याकाळी मावशींनी भिंतीवर भरलेली बादली आणून ठेवली. म्हणाल्या, तुळशीचं राहू द्या, लिंबाला तरी घाला. ताईने लावलेलं झाड आहे. रोज देते, काही मागत नाही. मी म्हटलं, आभारी आहे, गरज नाही, पाऊस दारात आहे. घरजावयाने शेजारून पाणी मागितलं हे उद्या गावभर झालं असतं. त्या बादली परत घेऊन गेल्या. थकलेल्या दिसत होत्या. वय झालंय.

१० सप्टेंबर

सकाळी गच्चीवर होतो. साडेसातला दक्षिणेला, टेकडीमागून, तोच ढग. काळाभोर. पसरला, विरला. मागोमाग बोट बंदरात शिरली.

योगायोग. बोटी ढगांच्या मागून येतात कधी कधी.

आर्गिरोचा फोन. तुळस? मी म्हटलं, बघशीलच. लिंबू? मी म्हटलं, पानं बदलतंय. ती म्हणाली, शनिवारी पोचते.

११ सप्टेंबर

चार डबे गेले. दोन काळपट, पण उभे. खचून जायचं नाही. दोन्ही उचलून न्हाणीघरात सावलीत ठेवले. पानांवरून हात फिरवला आणि हाताचा वास घेतला. साबणाचा आला.

दुपारी गावभर फिरलो. कुणी एक डबा विकत देईल का, हे उगीच, बाजारभाव कळावा म्हणून विचारलं. क्रूसाच्या आठवड्यात तुळस कोण विकतं, असं बेकरीवाली म्हणाली. वर म्हणाली, आणि तुम्हीच विचारताय? क्रूसाची तर तुमच्याच घरून येते. मी म्हटलं, म्हणूनच तर.

१२ सप्टेंबर

दोन्ही गेले.

योजना तयार आहे. आर्गिरो आल्या आल्या सांगायचं की यंदा बेटभर तुळशीवर रोग पडला. ठिपक्यांचा. जूनपासूनची लक्षणं माझ्याकडे नोंदलेली आहेत. पापा-इग्नातिसना सांगायचं की साधेपणा हेच क्रूसाचं खरं सौंदर्य. बोलण्यात आपण कमी पडत नाही.

१३ सप्टेंबर

बंदरावर दाढी करून गेलो. सामान उचललं. वाटेत रोगाबद्दल बोलायला सुरुवात केली. ती बाळाचे फोटो दाखवत होती. नाक माझ्यावर गेलंय.

दार उघडून अंगणात आली. सहा डबे रांगेत होते, मी निदान पुसून ठेवले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ भिंतीशी गेली आणि हाक मारली, मावशी, आले मी. मावशींनी गच्चीवरची ती चादर बाजूला केली.

आत अंजीर नव्हते. सासूबाईंचा निळा डबा होता, तोच, पोचा पडलेला. त्यात तुळस. गोल, गच्च, हिरवीगार, दोन हातांच्या कवेत मावणार नाही एवढी. सासूबाईंच्या बियांची. भिंतीवरून इकडे दिली तेव्हा अंगणभर वास सुटला.

मी विचारलं, मग मला काय दिलं होतंस? ती म्हणाली, बाजारातली रोपं. तुला काहीतरी करायला हवं असतं मार्केले, मी काय तुला आज ओळखते? रागावली नव्हती. हसत होती, खरं तर. मीही हसायच्या बेतात होतो. म्हणजे क्रूसाची तुळस वाचली होती, घराचा मान वाचला होता, आणि रोगाची गोष्ट सांगायची गरजच उरली नव्हती.

मग ती लिंबाकडे वळली.

एकही पान नाही. फांद्यांना चार लिंबं लटकलेली, सुपारीएवढी, काळी. ती जवळ गेली. खोडावर हात ठेवला. म्हणाली, डबा उचलून पलीकडे देता आला. झाड कुठे नेणार होते? ते तुझ्यावर सोडलं होतं.

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं होती.

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मावशी, तुझ्या टाक्यात पाणी होतं ना? एक बादली द्यायची नाहीस का?

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, द्यायला हवं होतं गं. राहिलं माझ्याकडून. म्हातारी झाले.

मी बोलणार होतो. पण वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं खोडून काढणं बरं दिसत नाही.

१४ सप्टेंबर. क्रूसाचा सण

सकाळी मावशींनी निळा डबा माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, या घरची आहे, या घरच्या माणसानेच न्यायची. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, धरा हो जावईबापू, चावत नाही.

अख्ख्या गावासमोरून नेली. पापा-इग्नातिस म्हणाले, मार्केले, शब्द पाळलास. बेकरीवालीने विचारलं, काय घालता हो हिला? टँकरवालासुद्धा बाजूला सरकून उभा राहिला. जूनपासून मी याच दिवसाची वाट बघत होतो. क्रूसाभोवती तुळस मांडली, तीर्थ शिंपडलं, मग प्रत्येकाच्या हातात एकेक काडी. आर्गिरो आणि मावशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. कुणी माझं अभिनंदन केलं की मावशी खाली बघून रुमालाने नाक पुसत. हसत होत्या की काय, कळलं नाही. मी प्रत्येकाला म्हणत होतो, काही नाही, नुसतं पाणी.

दुपारी आर्गिरोने आंबवण लावलं. मग लिंबापाशी बसून नखाने एकेक फांदी खरवडू लागली. आत तपकिरी. दुसरी, तपकिरी. मी बघत नव्हतो. खाली, खोडाजवळच्या एका जाड फांदीला तिने नख लावलं आणि थांबली. मग मी बघितलं. साल उचकटली होती, आत बारीकशी हिरवी रेघ होती.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मी मावशींच्या दारात गेलो. म्हटलं, एक बादली हवी होती. लिंबाला. उद्याही लागेल. मावशी म्हणाल्या, टाकं ओळखीचं आहे ना, घ्या की. नुसती बादली पुढे केली, आणि त्यांना बोलण्यासारखं बरंच होतं.

त्यांच्या बादलीला बुडाशी भोक आहे. निम्मं पाणी वाटेत सांडतं. एक वॉशर, थोडं डांबर, पाच मिनिटांचं काम. सांगणार होतो. नाही सांगितलं. भोकावर बोट दाबून धरलं आणि जरा भराभर चाललो.